वास घेऊन दिलेली चकती

'नाकाने पारखलेलं' अशी पाटी मी माझ्या हाताने रंगवली, त्याला आता एकवीस वर्षं झाली. दर रविवारी बाजारात आमचं टेबल लागतं, टेबलाच्या वर ही पाटी, आणि पाटीखाली मी. मी तसा तुसडा माणूस आहे. कोणी विचारलं, "काका, चीजवर तारीख नाही कुठे?" की मी म्हणायचो, "तारीख बघायची तर कॅलेंडर घ्या. चीज कशाला घेताय?" लोकांना ते आवडायचं. मोठ्या दुकानात त्यांचा असा अपमान कोणी करत नसणार, म्हणून माझ्याकडे येऊन करून घेत असतील.

पण मी नुसता तोंडाचा पट्टा चालवणारा नव्हतो, हेही सांगून ठेवतो. शेळीवालीकडून पहाटेचं दूध यायचं. ती कॅन खाली ठेवायची आणि मी झाकण उघडून नाक आत घालायचो. आदल्या दिवशी शेळ्यांनी काय खाल्लं, कुठली आजारी आहे, कॅन ओल्या फडक्याने पुसलाय की सुक्या, सगळं कळायचं. एकदा मी तिला म्हटलं, "बाई, काल भांडण झालं का घरी? दूध उशिरा काढलंय." ती तोंडाला हात लावून बघतच राहिली. दूध तापवायचं नाही, काही मोजायचं नाही, वहीत लिहायचं नाही, असा माझा नेम होता. लेकीने एकदा आंबटपणा मोजायचं मीटर भेट दिलं. मी त्याचा तळघराच्या खिडकीला टेकू केला आणि तिला फोनवर सांगितलं की फार उपयोग होतोय.

दूध जमलं की कापायचं, साच्यात भरायचं, निवळीचं पाणी गळू द्यायचं, मीठ लावायचं. मग तळहाताएवढ्या चकत्या तळघरात लाकडी फळ्यांवर तीन आठवडे, रोज एकदा उलटायच्या. पण लोक खरे यायचे ते विकायची माझी पद्धत बघायला. मी चकती उचलायचो, नाकाखाली धरायचो, डोळे मिटायचो. तयार असली तर "हं" म्हणायचो. नसली तर मागे ठेवून द्यायचो, गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी. मग खाकी कागद, निळा दोरा, आणि कागदावर पेन्सिलीने गिऱ्हाइकाचं नाव. नाव म्हणजे मी ठेवलेलं नाव हो. शाळेतून निवृत्त झालेले एक सर होते, त्यांच्या पुडीवर 'मास्तर'. एक जाड भिंगाच्या बाई, त्यांच्यावर 'चष्मा'. लोक त्या पुड्या मिरवत न्यायचे. "आमची चकती आमच्यासाठी वास घेऊन दिलीय," असं एकजण दुसऱ्याला सांगताना मी माझ्या कानांनी ऐकलंय. तेव्हा मला जे वाटायचं ते मी बायकोलाही कधी सांगितलं नाही, कारण तिने टिंगल केली असती.

तर अशा माझ्या नाकाला दहा आठवड्यांपूर्वी ताप खाऊन गेला. चार दिवसांचा साधा ताप. बायको तेव्हा घरी नव्हती. तिच्या बहिणीचा पाय मोडला होता, म्हणून ती तिकडे गेली होती आणि तिकडेच अडकली. ताप उतरला, मी चहा ठेवला आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसलो. डोळ्यांत पाणी आलं म्हणून उठलो तर स्वयंपाकघर धुराने भरलेलं, चहा आटून पातेलं काळंठिक्कर. मला करपल्याचा वास आला नव्हता. मी पातेलं नाकाजवळ नेलं. काही नाही. लसूण चेचला, काही नाही. जिन्यातून पळत तळघरात गेलो आणि फळीवरच्या चकत्यांवर तोंड टेकवलं. थंड लागलं, बस.

डॉक्टर म्हणाले, "येतं परत बहुतेक. वाट बघा." मी विचारलं, "आणि नाही आलं तर?" ते म्हणाले, "तर सवय होते." माणसाला बोलायला काय जातं!

मी कोणालाही सांगितलं नाही. बायकोचा रोज फोन यायचा, तिलाही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं स्वतःला सांगत राहिलो. सांगून करणार काय होतो? पाटीवर काय लिहिणार, 'डोळ्यांनी पारखलेलं'? मग हाताने दाबून, रंग बघून, दिवस मोजून मी काम चालवायला लागलो. जिभेला नुसतं खारट आणि आंबट कळत होतं, तेवढ्यावर भागवत होतो. आणि रविवारी टेबलापाशी उभं राहून, चकती नाकाखाली धरून, डोळे मिटून मी "हं" म्हणत होतो. तिसऱ्या रविवारपर्यंत मला ते जमायला लागलं. नाटकाची सवय फार लवकर होते.

खरं सांगायचं तर मला गिऱ्हाइकांचा आधार वाटत होता. कोणी तक्रार केली नाही. उलट गर्दी वाढली. मास्तर तर म्हणाले, "हल्ली तुमच्या चीजला एक वेगळीच धार आलीय." मला वाटलं, एकवीस वर्षांचा हात आहे, नाक नसलं तरी हात विसरत नाही. मूर्ख माणसाला खूश व्हायला कारण लागत नाही.

दहाव्या रविवारी सकाळी चौदा चकत्या गेल्या. त्यांतली एक लिंबूची.

लिंबू म्हणजे पुलापलीकडे राहणारी एक पोरगी, पंचविशीतली. आठवा महिना चालू. कायम हातात एक कापलेलं लिंबू, तेच नाकाला लावून उभी राहायची. मी तिच्या पुडीवर 'लिंबू' लिहायला लागलो तेव्हा ती खूप हसली होती. आतापर्यंत मी तिला जुनं, कडक चीज द्यायचो. बायकोने मला पढवून ठेवलं होतं की पोटुशीला कच्च्या दुधाचं मऊ चीज द्यायचं नाही, बाळाला बाधतं. त्या दिवशी कडक संपलं होतं.

"मग राहू दे," ती म्हणाली. मागे रांग होती. रांगेतले सगळे माझ्याकडे बघत होते.

"राहू दे कशाला?" मी म्हटलं. मऊ चकती उचलली, नाकाखाली धरली, डोळे मिटले आणि नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ मिटून ठेवले. "हं. माझं नाक सांगतंय, बिनधास्त खा. काही होत नाही."

ती लिंबू नाकाला लावून हसली, पुडी घेतली आणि गेली.

त्यानंतर पंधरा मिनिटांनी बायको आली. घरी न जाता बसमधून उतरून थेट बाजारात, हातात बॅग, चेहरा दमलेला पण खूश. मला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता तिला. "अहो," म्हणत ती टेबलामागे आली, तिने बॅग खाली ठेवली आणि खोक्याचं झाकण उघडलं.

तिने झाकण तसंच लावलं.

"हे काय विकताय तुम्ही?" ती हळू आवाजात म्हणाली.

"काय म्हणजे?"

"अहो, हे सडलंय. मोरीचा वास येतोय याला." तिने एक चकती काढून माझ्या तोंडासमोर धरली. "घ्या ना वास. घ्या!"

मी वास घेतला. म्हणजे डोळे मिटले. सवयीने तोंडातून "हं" पण निघालं. बायको माझ्याकडे बघत होती. तीस वर्षांच्या संसारात तिने मला रागावलेलं पाहिलंय, रडताना पाहिलंय, पण असं पाहिलं नव्हतं. तिला तिथल्या तिथे कळलं.

"कधीपासून?"

"तापापासून."

"आणि तळघरात पाणी साचतंय का?"

साचत होतं. दोन महिन्यांपासून फळ्यांखाली एक ओला डाग होता. मला वाटलं निवळी गळतेय. मी रोज फडक्याने पुसत होतो, आणि त्याच फडक्याने वरच्या फळ्या पुसत होतो. बायकोला हे सांगितलं तेव्हा ती खोक्यावरच बसली. "मोरी तुंबलीय," ती म्हणाली. "मोरीचं पाणी फासलंत तुम्ही सगळ्या मालाला. कोणाकोणाला दिलंत आज?"

मी नावं घेतली. मग लिंबूपाशी आलो, ती पुलापलीकडची पोरगी.

"ती पोटुशी? मऊ दिलंत तिला?"

"ती नको म्हणत होती," मी म्हटलं. "मीच म्हटलं, खा."

बायको उठली आणि बाजाराकडे तोंड करून उभी राहिली. ती ओरडून सगळ्यांना सांगणार हे मला दिसलं आणि मी तिचा हात धरला. आता लाज वाटते सांगायला, पण मी खरोखर गयावया केली. आधी मला त्या पोरीला गाठू दे. मग मी स्वतः सांगेन, सगळ्यांना, या टेबलावर चढून सांगेन. अर्धा तास दे.

"आणि बाकीचे तेराजण काय दगड आहेत?"

"ते जेवायला बसायच्या आत येतो. तुझी शप्पथ."

"माझी कशाला? स्वतःची घ्या!" तिने घड्याळ बघितलं. "साडेअकरा. बाराला तुम्ही इथे नसलात तर मी ओरडणार. आणि तोपर्यंत एकही चकती विकणार नाही. जा."

मला त्या पोरीचं नाव माहीत नव्हतं, घर माहीत नव्हतं. दर रविवारी तिच्याशी पाच मिनिटं बोलायचो, तिला होणाऱ्या उलट्या मला माहीत होत्या, तिची सासू काय म्हणते ते माहीत होतं, आणि नाव म्हणून मला माहीत होतं ते मीच ठेवलेलं. शेजारच्या टेबलावरच्या पाववालीला विचारलं.

"लिंबूवाली ना? पूल ओलांडला की किल्लीवाल्याचं दुकान आहे, त्याच्या वर कुठेतरी. का हो, काय झालं?"

"छत्री विसरली," मी म्हटलं आणि टेबलाखालची माझीच छत्री उचलली. बाहेर लख्ख ऊन होतं.

"आज छत्री?" पाववाली म्हणाली, पण मी निघालो होतो.

माझं वय साठ. गुडघे एकवीस वर्षं तळघराच्या जिन्यात झिजलेले. मी पळत होतो म्हणणं थापा मारल्यासारखं होईल, पण माझ्यापरीने पळत होतो. बाजारातून गावात जायला तो एकच पूल. पुलाच्या टोकाला नगरपालिकेचा मोठा लोखंडी कचऱ्याचा डबा आहे, तिथे मी टेकून श्वास घेतला आणि पुढे गेलो. डोक्यात एकच चित्र होतं. ती घरी पोचली असेल. भूक लागली असेल, आठव्या महिन्यात भूक थांबत नाही. तिने दोरा सोडला असेल. काका म्हणाले बिनधास्त खा, म्हणून खात असेल.

किल्लीवाला तोंडात खिळा धरून काहीतरी घासत होता. मी विचारलं, वर एक मुलगी राहते, आठवा महिना आहे, कुठला मजला?

त्याने मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "का?"

"छत्री विसरली ती."

"ठेवा इथे. मी देतो."

"नाही, हातात द्यायचीय."

"छत्री हातात द्यायचीय?" त्याने खिळा तोंडातून काढला. "हे बघा, मी किल्ल्या बनवतो. लोक माझ्या भरवशावर घरं बंद करून जातात. कोण कुठल्या मजल्यावर राहतं, हे मी सांगायला लागलो तर उद्यापासून माशा मारायच्या का? आणि ऊन बघा. कसली छत्री?"

मी म्हटलं पत्ता दिलाय तिने, विसरलो. म्हटलं मी तिचा मामा. एकेका थापेबरोबर त्याचा चेहरा घट्ट होत गेला आणि भिंतीवरच्या त्याच्या घड्याळात पावणेबारा झाले. वर जिन्याला तीन मजले, मजल्याला चार दारं. मी जिन्याकडे वळलो तर त्याने उठून वाट अडवली. त्याच्या जागी मी असतो तर मीही अडवली असती.

तेव्हा मी सांगितलं. दहा आठवड्यांत आपणहून सगळ्यात आधी सांगितलं ते ज्याच्याशी माझी ओळखही नाही अशा माणसाला. "मी चीजवाला आहे. मला वास येत नाही. मी तिला सडकं चीज दिलंय आणि खा म्हणून सांगितलंय. तिच्या पोटात मूल आहे हो. हात जोडतो."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी छत्रीसकट हात जोडले होते, ध्यान दिसत असणार.

"दुसरा मजला, डावीकडचं पहिलं दार," तो म्हणाला. आणि मी चढायला लागल्यावर खालून ओरडला, "आधी का नाही बोललात?"

दार तिनेच उघडलं. मला बोलता येईना, धाप लागली होती. मी नुसता हात हलवत राहिलो, नको, नको. शेवटी शब्द फुटला. "खाल्लंस का?"

"काय, काका? बसा ना. पाणी देऊ?"

"चकती! मगाची चकती! खाल्लीस का तू?"

"नाही," ती म्हणाली.

मी तिच्या दारातच, उंबऱ्यावर बसलो. रडलो म्हटलं तरी चालेल. ती घाबरली, पाणी घेऊन आली. मी तिला सगळं सांगितलं, नाक, ताप, मोरी, फडकं. म्हटलं, पोरी, नशीब तुझं, नशीब माझं. आण ती पुडी, मी घेऊन जातो, पुन्हा तुला तोंड दाखवणार नाही.

ती काही आणायला गेली नाही. तशीच उभी राहिली, पेला हातात धरून.

"ती इथे नाहीये, काका."

"मग?"

"पुलापाशी डबा आहे ना... तिथे टाकली." ती खाली बघत म्हणाली. "घरात आणवत नाही हो. आधी आणत होते. मग सासूबाई ओरडल्या."

मला आधी समजलंच नाही. म्हटलं, बरोबर आहे, अशा दिवसांत वास सहन होत नाही, माझ्या बायकोलाही कांदा चालायचा नाही. तिने मान हलवली. तिला खोटं बोलायचं नव्हतं, हे मला दिसत होतं.

"लिंबू पोटासाठी नाही, काका. तुमच्या टेबलापाशी उभं राहता यावं म्हणून आणते. दोन महिने झाले."

"दोन महिने घेतेयस आणि टाकतेयस?"

"आधीचं मला इतकं आवडायचं! आणि तुम्ही तो वास घेता, डोळे मिटून... ते बघितल्यावर कसं बोलायचं?" तिचे डोळे भरले. "तुमच्यासारखे हाताने करणारे आता राहिलेत किती? आम्ही नाही घेतलं तर तुम्ही बंद कराल. मग सगळं कंपन्यांचंच खायचं का? म्हणून सगळेच..."

तिने पेला पुढे केला.

"सगळेच काय?"

"काही नाही, काका. पाणी प्या."

मी पाणी प्यायलो नाही. खाली उतरलो. किल्लीवाल्याने विचारलं, "भेटली? खाल्लं नाही ना?" मी म्हटलं, नाही. "सुटलात!" तो म्हणाला. मनापासून म्हणाला बिचारा.

पुलाच्या टोकाला तोच डबा. मगाशी मी त्यालाच टेकून श्वास घेतला होता. दुसऱ्या कोणाला तिथे टेकवलंच नसतं. मी आत वाकून बघितलं.

खाकी कागद. निळा दोरा. सगळ्यात वर 'लिंबू'. मी ती उचलली तर तिच्याखाली 'चष्मा'. मग 'मास्तर'. माझं अक्षर, माझी गाठ, एकही सुटलेली नाही. मी कमरेपर्यंत आत वाकून उपसत होतो आणि पुलावरून जाणारी माणसं दुरून वळसा घालत होती. नऊ पुड्या निघाल्या. हात दोनच, म्हणून मी छत्री उघडली, उलटी धरली आणि त्यात एकेक पुडी ठेवली.

बाजाराकडे परत येताना मी हिशोब करत होतो. चौदातल्या नऊ इथे. उरल्या पाच. त्या पाच कोणीतरी घरी नेल्यात. कोणीतरी खरोखर खातंय. आणि देवाशप्पथ सांगतो, मला भीती वाटायला हवी होती. भीती वाटतही होती. पण तिच्याखाली दुसरंच काहीतरी होतं, आणि तेव्हा मी त्याच्याकडे बघितलं नाही.

टेबलापाशी पोचलो तेव्हा बाराला दोन मिनिटं कमी होती. आणि टेबलासमोर ही गर्दी! बायको खोक्यावर हात दाबून उभी होती. आज माल द्यायचा नाही असं ती सांगत होती आणि लोक तिची समजूत घालत होते. चीजवाला दुकान गुंडाळतोय, अशी कोणीतरी आवई उठवली होती. सगळे परत आले होते, सकाळी घेऊन गेलेलेसुद्धा. मास्तर पुढे होते.

"या, या!" मास्तर मला बघून म्हणाले. "अहो, वहिनी देत नाहीत बघा आम्हाला. असं बंद करून कसं चालेल? तुम्ही आहात म्हणून या बाजारात काही खरं मिळतं. मला आणखी एक द्या. तुमच्या पद्धतीने, वास घेऊन द्या." त्यांनी आवाज चढवला, मागच्यांना ऐकू जावा म्हणून. "आज तर काय मस्त वास सुटलाय!"

मागच्यांनी माना डोलावल्या. त्या चेहऱ्यांवर माया होती, खोटी नव्हती. आजारी माणसाला 'किती छान दिसताय' म्हणताना जी असते ना, ती.

मी छत्री टेबलावर ठेवली. जवळचे दोघे मागे सरकले. बायकोने नाकाला रुमाल लावला. मी एकेक पुडी काढून नाव वर येईल अशी ओळीने मांडली, जशी सकाळी मांडतो तशी.

"मास्तर," मी म्हटलं, "ही तुमची. पुलापाशी विसरलात."

मास्तरांनी पुडीकडे बघितलं. चाळीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून शिकवलेला माणूस. "हातून निसटली असेल," ते म्हणाले आणि लाल झाले.

"मला वास येत नाही," मी म्हटलं. टेबलावर चढायची गरज पडली नाही, एवढी शांतता होती. "दहा आठवडे झाले. तापात गेलं. तुमच्यासमोर डोळे मिटून मी नाटक करत होतो. तुम्ही माझ्यासमोर पुडी मिरवून नाटक करत होतात. माझं पाप मोठं आहे, मी तुम्हाला मोरीचं पाणी चारलंय. पण तुमच्यातल्या एकाने, फक्त एकाने मला तोंडावर म्हटलं असतं ना, की थेरड्या, सडलंय हे, तर मी पहिल्याच रविवारी फळ्या उपसून काढल्या असत्या. मला शिव्या द्यायच्या होत्यात हो! तुम्ही मला मदत करत बसलात?"

"आम्हाला वाटलं तुम्हाला वाईट वाटेल," चष्म्याच्या बाई म्हणाल्या.

बायको पुढे आली आणि तिने कामाचं तेवढं विचारलं. "इथे नऊ आहेत. आज गेल्या चौदा. बाकीच्या पाच कोणी खाल्ल्या? लाजू नका. खाल्लं असेल तर आत्ता दवाखान्यात जायचं. आम्ही नेतो."

कोणी हललं नाही.

"कालपर्यंतचं कोणी खाल्लं असेल तर तेही सांगा," ती म्हणाली. "दहा आठवड्यांत. थोडंसुद्धा."

मी एकेका चेहऱ्याकडे बघत होतो. पाववाली तिच्या टेबलामागे पाव नीट लावत बसली, नीट लावलेलेच पुन्हा. मास्तर पुडीवरचं स्वतःचं नाव बघत होते. पाठीमागे कोणीतरी खोकलं. पुलावर जे बघितलं नव्हतं ते आता मला बघावंच लागलं. एवढ्या जमावातून एक तरी हात वर यावा, असं मला वाटत होतं. कोणीतरी म्हणावं, मी खाल्लं. त्याचं पोट बिघडो, मी त्याचे पाय धरीन, जन्मभर त्याची चाकरी करीन, पण एकाने तरी माझं खाल्लेलं असू दे.

बायकोने पुन्हा एकदा विचारलं. एकही हात वर आला नाही.

"बरं झालं," ती म्हणाली, आणि पाटी काढायला वळली.